जुना तंबोरा दुरुस्त करताना: भोपळ्याच्या तड्यापासून जवारीपर्यंत

पडून फुटलेला भोपळा जुळवता येतो. चुकीच्या गोंदाने जुळवलेला भोपळा मात्र पुन्हा सोडवता येत नाही, आणि जुन्या तंबोऱ्यांचं कायमचं नुकसान बहुधा असंच झालेलं असतं. तडा दिसला की सुतारकामाचा पांढरा गोंद भरायचा, पॉलिश काळवंडलं की काचपेपर मारायचा, आवाज बसला की घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो रुंद तुकडा) घासायची. तिन्ही कामं तासाभरात उरकतात आणि तिन्ही निस्तरायला कारागिराला आठवडे लागतात. म्हणून या लेखात काय करायचं याइतकंच काय करायचं नाही, यावर लिहिलं आहे. तत्त्व एकच धरलंय: आज केलेलं काम पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे.

सगळं घरी होत नाही, हेही आधीच सांगतो. धूळ काढणं, खुंट्या बसवणं, तडे भरणं, तारा बदलणं ही कामं सावकाश हात असलेल्या कुणालाही जमतात. दांडीला पीळ पडला असेल, तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी फळी) आत बसली असेल किंवा नवी घालायची असेल, तर वाद्य तंतुवाद्य कारागिराकडेच न्यावं. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलं आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी त्याची सुरुवात केली, असं मानलं जातं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले कारागीर जुनं वाद्य हातात घेतल्यावर आधी ते उलटंपालटं करून बोटाने ठोकून बघतात. आपणही तिथूनच सुरुवात करू.

आधी तपासणी, हत्यारं नंतर

तारा लगेच काढू नका. आहेत तशा अवस्थेत चारी बाजूंनी फोटो घ्या. घोडीच्या दोन्ही टोकांशी तबलीवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून तिची जागा खूण करा. पेन्सिलची रेघ थेट पॉलिशवर ओढू नका. कुठली तार कुठल्या खुंटीवर आहे, किती जाड आहे आणि स्वर बारीक जुळवायचे मणी कुठे आहेत, ते लिहून ठेवा. तार गंजलेली असली तरी तिची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या, नवी तार घेताना तोच आकडा कामी येतो. मग चारी तारा आळीपाळीने थोड्या थोड्या सैल करा. एकीचा ताण पूर्ण काढून बाकीच्या तशाच ताठ ठेवल्या, तर दांडीवर आणि घोडीवर एका बाजूने जोर येतो.

आता टॉर्च घ्या. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तबलीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला की समोरून न दिसणारा बारीक तडाही सावलीच्या रेघेसारखा उठून दिसतो. तबली मुळात बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर असते. घोडीखाली ती सपाट झाली आहे का, हे सरळ पट्टी टेकवून बघा. दांडी एका डोळ्याने टोकापासून भोपळ्यापर्यंत निरखा, बाक किंवा पीळ असला तर लगेच कळतो. दांडी आणि भोपळा जिथे मिळतात त्या गळ्याशी फट आहे का, ते नखाने चाचपा. शेवटी बोटाच्या पेराने सगळीकडे हलकं ठोका. घट्ट जागी आवाज भरीव येतो, सांधा सुटलेल्या जागी फटफट असा मोकळा येतो.

लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तर ती जुनी की चालू, हे आधी ठरवायला हवं. वाद्य काळ्या कागदावर ठेवून प्लास्टिकमध्ये महिनाभर गुंडाळून ठेवा. कागदावर पिवळसर ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. मग लाकूडकिडीचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडावं, तेही आधी न दिसणाऱ्या जागी पॉलिशवर एक थेंब टाकून बघितल्यावर. भुकटी पडली नाही तर भोकं नुसती भरून टाका. जुन्या भोकांवर औषधांचा मारा करून काही साधत नाही.

नक्षीकामाकडेही याच वेळी लक्ष द्या. जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंत, हाड, सांबरशिंग, लाख आणि नंतरच्या काळात सेल्युलॉइड, असं काहीही सापडतं. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं आणि ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे त्याच्या आसपास हीटगन किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव आणू नका. घासल्यावर कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड समजावं. हस्तिदंत आणि सांबरशिंगाच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बंदी आहे. तुटलेल्या तुकड्याच्या जागी "जुना माल" म्हणून कुणी तसलं काही देऊ केलं तर घेऊ नका. हाडाची पट्टी तिथे छान बसते.

धूळ आणि काळपटपणा

मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढा. खुंट्यांभोवती आणि नक्षीच्या खाचांत साचलेला मळ शुद्ध केलेल्या पाण्यात किंचित ओलावून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने, एका वेळी दोन-तीन इंच असा पुसत जा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. स्पिरिट मात्र दूर ठेवा. जुन्या तंबोऱ्यांवरचं पॉलिश बहुतेक वेळा चपडा लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कुठलं पॉलिश आहे याची शंका असेल, तर तळाशी एका टाचणीने स्पिरिटचा एकच थेंब ठेवा. जागा चिकट झाली तर लाखच.

काळपट झालेलं पॉलिश काढून टाकायची फार इच्छा होते. काढू नका. त्या थरातच वाद्याचं वय दिसतं आणि पुढे कधी कुणाला ते वाद्य कुणी, कधी घडवलं याचा माग काढायचा झाला तर हाच पुरावा उरतो. खुंट्यांजवळ किंवा मागे कारागिराच्या नावाची चिठ्ठी किंवा पट्टी असली, तर ती पुसण्याच्या कामातूनही वगळा.

गोंदाचं काय

या कामाला सरस हवा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनणारा पारंपरिक गोंद. तो उष्णता आणि ओलावा मिळाला की सुटतो, म्हणूनच जुनी वाद्यं पुन्हा उघडता येतात. पांढरा सिंथेटिक गोंद लाकडाच्या रंध्रांत बसतो, वर दुसरा कुठलाही गोंद धरू देत नाही आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. एपॉक्सीचं तर बोलायलाच नको.

सरसाचे दाणे थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला. पाणी दाणे जेमतेम बुडतील एवढंच. सकाळी ते फुगून रबरासारखे होतात. मग ते भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं पाहिजे. उकळी आली की सरसाची पकड जाते. कुंचल्यावरून तो सलग धारेने उतरला, ना पाण्यासारखा पातळ, ना थेंबाथेंबाने जड, की तयार झाला. उरलेला फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, पण वास बदलला की फेकून द्यावा.

हा गोंद पटकन थिजतो. त्यामुळे आधी गोंदाशिवाय सगळं जुळवून, आवळून, कुठला तुकडा कुठे आणि कुठला दोरा कुठून जाणार याची रंगीत तालीम करा. लाकूड किंवा भोपळ्याचा भाग आधी केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून घेतला तर गोंदाला मिनिटभर जास्त मिळतो. सेल्युलॉइड असेल तिथे मात्र ही सोय विसरा.

भोपळा

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. मिरजेच्या कारागिरांकडे तो प्रामुख्याने पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. त्याची भिंत हलकी आणि आतून सच्छिद्र असते. पडल्यावर तो लाकडासारखा सरळ रेषेत चिरत नाही, तर कवटीसारखे तुकडे पडतात. त्यातला अगदी बारीक चुराही गोळा करून डबीत ठेवा. रिकाम्या जागा भरायला तोच सगळ्यात चांगला पडतो.

नुसता तडा असेल तर दोन्ही कडा आधी एका पातळीत आणा. बहुतेक वेळा एक कड आत गेलेली असते. मागच्या बाजूने हात पोहोचत नसेल तर कडेला कोमट ओलसर कापड पाच-दहा मिनिटं ठेवा. भिंत थोडी लवचीक होते आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जागेवर येते. मग पातळ सरस तड्यात कुंचल्याने भरा, बोटाने दाबून आत जिरवा, वर आलेला गोंद लगेच ओल्या कापडाने पुसा. गोल पृष्ठभागावर शिकंजा बसत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या इंचभर रुंद पट्ट्या कापून भोपळ्याभोवती ताणून गुंडाळल्या की चारी बाजूंनी सारखा दाब येतो आणि पॉलिशला खरचटतही नाही. ट्यूबखाली मेणकागद ठेवा, नाहीतर तीच भोपळ्याला चिकटते. किमान चोवीस तास पट्ट्या सोडू नका. पावसाळ्यात दोन दिवस द्या.

तुकडे पडले असतील तर ते सगळ्यात मोठ्यापासून सुरू करून एका वेळी एक, किंवा फार तर दोन असे जोडा. सगळे एकदम जोडायला गेलं की शेवटचा तुकडा हमखास बसत नाही, कारण प्रत्येक सांध्यात केसाएवढी तफावत साचत जाते. एखादा तुकडा हरवला असेल तर तेवढ्याच वळणाच्या दुसऱ्या वाळल्या भोपळ्याचा तुकडा, कडा कानशीने तिरप्या करून बसवा. छोट्या फटींना भोपळ्याची पूड आणि सरस यांचं घट्ट मिश्रण पुरतं. तबली कारागिराने आधीच उघडलेली असेल, तर आतून सांध्यावर सरसात भिजवलेल्या मलमलच्या पट्ट्या आडव्या चिकटवून घेण्याचा आग्रह धरा. बाहेरून काही दिसत नाही आणि ताण निम्मा त्या पट्ट्या घेतात.

गळ्याचा सांधा सुटला असेल, तर आतला जुना गोंद कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ करून पटाशीने खरवडावा आणि नवा सरस लावून आवळावा. जुन्या गोंदावर नवा ओतला तर तो धरल्यासारखा वाटतो आणि तारा ताणल्यावर आठवड्याभरात सुटतो. सांधा आवळताना दांडी आणि भोपळा एका रेषेत आहेत ना, हे दोरा ताणून बघा. खुंट्यांच्या मधून निघालेला दोरा घोडीच्या मधोमध आला पाहिजे.

खुंट्या

तंबोऱ्याच्या खुंट्या निमुळत्या असतात आणि फक्त घर्षणावर धरतात. दोन पुढून, दोन बाजूंनी. सरकत असतील तर आधी खुंटी काढून तिच्यावरचे चकाकणारे पट्टे बघा. पूर्ण वेढा चकाकत असेल तर ती नीट बसते आहे, नुसती गुळगुळीत झाली आहे. तिला साधा खडू चोळा. फार घट्ट आणि झटके देत फिरत असेल तर खडूबरोबर थोडा कोरडा साबणही. एकाच बाजूला चकाकी असेल तर भोक लंबगोल झालं आहे. त्यावर खुंटीला कागद गुंडाळणं हा सगळीकडे दिसणारा आणि सगळ्यात वाईट उपाय, कारण त्याने भोक आणखी वाकडं होतं. कारागीर भोकात लाकडी नळी बसवून नवं निमुळतं भोक काढतात, ते त्यांच्याकडूनच करून घ्यावं.

घोडी आणि जवारी

इथे वेळ जातो आणि जायलाच हवा. तंबोऱ्याचा आवाज घोडीच्या माथ्यावर घडतो. तार एका धारेवरून उठत नाही, तर रुंद, अगदी हलक्या उताराच्या पृष्ठभागावर घासत, पुन्हा पुन्हा टेकत थरथरते. त्यातूनच ती झणझण आणि उपस्वरांचा (मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या वरच्या स्वरांचा) झोत निघतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली या वाद्यांवर लिहिताना दाखवलं की एरवीच्या तारवाद्यांचा नियम इथे मोडतो. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते ऐकू यायला नकोत, पण तंबोऱ्यात ते स्पष्ट येतात. हे सगळं त्या उतारावर अवलंबून आहे, म्हणून घोडीला कानस लावायची घाई नको.

आधी घोडीचे पाय तपासा. घोडी तिच्या जागी ठेवून पायाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवा. पट्टी कुठे आत जात असेल तर पाय तिथे टेकत नाही आणि कितीही जवारी लावली, म्हणजे माथ्याचा उतार घडवला, तरी आवाज फुटका येईल. पाय जुळवायचे ते पायांच्या बाजूने. तबली घासून कधीही नाही.

मग माथा. जुन्या घोडीवर तारांनी कोरलेल्या चार खाचा दिसतात. प्रकाशाकडे तिरपी धरून बघा. खाच उथळ असेल, म्हणजे नख अडकत नसेल, तर ती बारीक काचपेपरने, आधी 400 मग 600, जाते. पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा, नुसत्या बोटाने घासलं तर माथ्याला लाटा येतात. नख अडकत असेल तर बारीक दातांची चपटी कानस घ्या. कानस तारांच्या दिशेनेच चालवा. हाडाची भुकटी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

उतार नक्की कुठे बिघडला आहे हे कळायला मऊ पेन्सिलने माथा काळा करा. जोडाची, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी, एक तार स्वरात आणा, दहा-पंधरा वेळा छेडा, मग तार बाजूला करून बघा. जिथे काळेपणा पुसला गेला तिथे तार टेकते. तो पट्टा मागून पुढे एकसारखा विरळ होत गेला तर उतार बरोबर आहे. मधेच तुटला असेल तर तिथे खड्डा आहे, आणि पुढच्या टोकाशी काळेपणा एकदम जास्त पुसला गेला असेल तर तिथे टेकाड आहे. टेकाड घासायचं. खड्ड्याला हात लावायचा नाही, आजूबाजूचा भाग उतरला की तो आपोआप नाहीसा होतो. दोन-तीन फेऱ्या घासा, पुन्हा काळं करा, पुन्हा छेडा. एका तारेवर अर्धा दिवस जाऊ शकतो.

कानाने काय ओळखायचं? तार दाबल्यासारखी, ठसठशीत पण लगेच विझणारी वाजली तर पृष्ठभाग फार सपाट आहे, ती जास्त जागी टेकते आहे. स्वच्छ पण कोरडी, झणझण नसलेली वाजली तर उतार फार तीव्र आहे. शेवटी 1000 आणि 1500 च्या पेपरने माथा इतका गुळगुळीत करा की त्यात खिडकीचं धूसर प्रतिबिंब दिसावं.

मग प्रत्येक तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा दोरा घाला आणि तो अगदी किंचित, केसाकेसाने, मागेपुढे सरकवा. एका जागी आवाज अचानक खुलतो, ती जागा चुकवता येत नाही. चारी तारांच्या दोऱ्यांची जागा थोडी वेगळी येते, ती तशीच असते.

पॉलिशचे डाग

तडा भरलेल्या जागी फिकट रेघ राहते. चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून, कापसाची पुरचुंडी सुती कापडात बांधून, हलक्या गोलाकार हाताने फक्त तेवढ्याच जागेवर थर द्या. दोन थरांमध्ये काही तास जाऊ द्या. पावसाळी हवेत हे काम काढू नका. हवेतली ओल अडकून पॉलिश पांढुरकं होतं आणि तो पांढरेपणा काढायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुसट रेघ राहिली तरी चालते, ती वाद्याच्या इतिहासाचा भाग आहे.

तारा चढवणं

जोडाच्या तारा पोलादी आणि खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) पितळी असतो. पंचमाची तार काही तंबोऱ्यांत पोलादी, काहींत पितळी किंवा कांस्याची असते, म्हणून मघाशी मोजून लिहिलेली वही इथे उघडा. वाद्याची लांबी पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, ठरवते. पुरुषी पट्टीचा मोठा तंबोरा काळी एक किंवा दोनमध्ये खुलतो, त्याला ओढून काळी चारपर्यंत नेऊ नका. जुन्या सांध्यांना तो ताण झेपत नाही, आणि तुटलेली पोलादी तार डोळ्यालाही लागू शकते.

पहिल्या दिवशी चारी तारा हव्या त्या स्वराच्या खाली चार-पाच स्वर ठेवा. दुसऱ्या दिवशी टॉर्चने सगळे सांधे आणि भोपळ्याचा तडा पुन्हा बघा, काही हललं नसेल तर दोन स्वर वर. असं करत चार-पाच दिवसांनी पूर्ण पट्टीला आणा. सांध्यातून कटकट असा आवाज आला तर लगेच सगळ्या तारा सैल करून तो सांधा पुन्हा तपासा.

पहिला महिना तारा रोज उतरतील, जवारीचे दोरे सरकतील, खुंट्या पुन्हा खडू मागतील. वाद्य रोज थोडा वेळ वाजत राहिलं तर हे लवकर स्थिरावतं. उन्हाळ्यात थेट उन्हात किंवा एसीच्या झोतात, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिली तर तडे पुन्हा उघडण्याची शक्यता बरीच कमी होते. काही महिने वाजवायचा नसेल तर तारा दोन-तीन स्वर सैल करून गवसणीत ठेवा. पूर्ण सैल करू नका, कारण घोडी जागेवरून हलली की जवारीची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.